एकाच घरातले मतदार

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या आम्हा भावंडांना देशाचं राजकारण पहिल्यांदा ऐकू आलं ते घरातल्या मोठ्या माणसांच्या चढलेल्या आवाजात. आजोबा कऱ्हाडकडचे, निवृत्त शाळामास्तर. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहून आलेले, अंगात खादी, आणि काँग्रेसविषयी बोलताना आवाजात देवघरातला आदर. नाना, म्हणजे माझे वडील, राज्य सरकारच्या कचेरीत कारकून. धाकटे काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर, युनियनमधले, पक्के समाजवादी. थोरली आत्या त्याच चाळीत पलीकडच्या जिन्याला राहायची. तिचे यजमान, आमचे आतोबा, तेही रेल्वेतच. आई, काकू आणि आत्या यांनाही राजकारणात स्वतःचं मत असू शकतं, हे या पुरुषमंडळींच्या फारसं मनात येत नसे. मला ही गोष्ट आजही खटकते, कारण त्या सगळ्या वादांची किंमत रोज मोजत होत्या त्या याच तिघी.

घरात पेपर एकच, महाराष्ट्र टाइम्स. तो आधी आजोबांकडे जायचा, मग नाना अग्रलेख मोठ्याने वाचायचे, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत काकांनी तोंड उघडलेलं असायचं. काका 'साधना' आणि 'माणूस' मिळतील तिथून आणायचे. रात्री जेवणं झाली की वाद गॅलरीत सरकायचा. शेजारचे दोघे-तिघे आपापली पाट-स्टुलं घेऊन यायचे, त्यात कम्युनिस्ट होते, जनसंघाचे होते, नवा शिवसैनिकही होता. आम्ही पोरं कठड्याला टेकून ऐकत असू. कोणाचं बरोबर ते कळत नसे, पण कोण मनापासून बोलतंय ते बरोबर कळायचं.

काकू इंदिरा गांधींची. १९७१ च्या डिसेंबरात ब्लॅकआउट झाला तेव्हा खळ करून खिडक्यांच्या काचांना काळे कागद तिनेच चिकटवले होते. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं. माहेरी पत्र धाडताना ते तिकीट ती अगदी अभिमानाने लावायची. "अमेरिकेला न घाबरलेली बाई आहे ती," एवढंच ती म्हणे, आणि ते पुरेसं होतं. काका चिडायचे. 'गरिबी हटाओ'चा हिशेब मागायचे. काकू भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची आणि मत बदलायची नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाकडून कऱ्हाडचे नातेवाईक कामाच्या शोधात आमच्याकडे येऊन राहिले, आणि रेशनवर मिलो आला. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडा पडायचा. आई पिठात गरम पाणी घालून, थोडं गव्हाचं पीठ मिसळून काहीतरी जमवायची. आजोबा निमूट खायचे आणि म्हणायचे, दुष्काळ सरकारने आणलेला नाही. काका म्हणायचे, दुष्काळ आणला नसेल, पण डालडा आणि साखर कुठे गेली? दुष्काळात डालड्याचे डबे गायब का होतात? या प्रश्नाला आजोबांकडे उत्तर नव्हतं. नानांकडेही नव्हतं.

ते उत्तर मागायला आई गेली. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी एकमेकींच्या पक्षांशी भांडणाऱ्या या बाया तेल, साखर, रॉकेल आणि धान्य या प्रश्नांवर एकत्र आल्या आणि हजारो बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमच्या चाळीतून लाटणं मोर्चाला बायका निघाल्या त्या दिवशी नानांचा चेहरा उतरला होता. सरकारी नोकराची बायको मोर्चात दिसली तर साहेब काय म्हणेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आईने पदर खोचला, पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि म्हणाली, "लाटणं माझं आहे, सरकारचं नाही." ती संध्याकाळी परतली तेव्हा घसा बसलेला होता, आणि तिने त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. नाना काही बोलले नाहीत. पण त्यानंतर अग्रलेख वाचताना ते मधूनच तिच्याकडे बघायला लागले, हे आम्हा सगळ्या भावंडांना आठवतं.

घर खरं हललं ते १९७४ च्या मे महिन्यात.

रेल्वेचा संप ८ मेला सुरू झाला. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मेलाच अटक झाली होती. मागण्या होत्या बोनस, आठ तासांचा दिवस, इतर सरकारी उद्योगांइतका पगार. सुमारे १७ लाख कामगारांची रेल्वे, आणि तिच्यातले दोन कामगार आमच्या घरचे. काका संपावर गेले. आतोबा कामावर गेले. आतोबांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, दोन मुली लग्नाच्या होत्या आणि मुलगा मॅट्रिक होऊन घरी बसला होता. ते भल्या पहाटे पोलिसांच्या पहाऱ्यात कारखान्यात शिरायचे आणि रात्र रात्र आतच राहायचे. काका घराबाहेर झोपायचे, कारण संपवाल्यांना घरातून उचलून नेत होते. वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. काका बडतर्फ झाले, चौकशीशिवाय. आतोबांना 'लॉयल वर्कर' म्हणून जादा इन्क्रिमेंट मिळालं, आणि पुढे त्याच खात्यात त्यांच्या मुलाला नोकरी लागली.

तेव्हापासून काका आणि आतोबा एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच चाळीत राहून, एकाच नळावर पाणी भरून, गणपतीला एकाच आरतीला उभं राहून बोलत नव्हते. काका एका गाळ्यात लेथवर रोजंदारी करू लागले. काकूने पापड लाटायला घेतले.

आणि मग तो दळणाचा डबा. ॲल्युमिनिअमचा, कानाशी चेपलेला, झाकणावर आजोबांचं नाव कोरलेलं. काकू त्यात असेल तेवढं धान्य घालून आमच्यापैकी कोणाला तरी गिरणीवर पाठवायची. आत्याने आम्हाला सांगून ठेवलं होतं की आधी माझ्याकडे यायचं. ती डबा उघडायची, आतल्या धान्यावर आपल्या घरचे गहू ओतायची, हाताने सपाट करायची आणि झाकण लावून म्हणायची, "वहिनीला काही सांगू नका. दळून आणा." डबा घरी आला की काकू पीठ परातीत ओतायची. अर्ध्या डब्याचा डबाभर कसा झाला, हे तिने कधी विचारलं नाही. काकाही जेवताना पोळीकडे पाहून काही म्हणाले नाहीत. त्यांना ठाऊक होतं असं माझं मत आहे. माझी चुलतबहीण म्हणते, नव्हतं, असतं तर बाबा जेवले नसते. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली. २६ तारखेच्या सकाळी रेडिओवर इंदिरा गांधींचं भाषण झालं, आणि नाना म्हणाले, आता जरा शिस्त लागेल. ती लागलीही. मस्टर वेळेवर उचललं जाऊ लागलं, साहेबसुद्धा वेळेवर येऊ लागले, लोकल वेळापत्रकाप्रमाणे धावू लागल्या. पंचाहत्तरचा पाऊस चांगला झाला आणि भाव उतरले. नाना रविवारी पिशवी रिकामी करताना डाळीचा भाव मोठ्याने सांगायचे. तो काकांना ऐकवण्यासाठी असायचा. काका एकदाच म्हणाले, "दादा, तुझ्या वाढीव डीएचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत जातोय, तोही मोठ्याने सांग."

पण खरा बदल गॅलरीत झाला. तिथलं बोलणं थांबलं. पाट-स्टुलं घरात गेली. जनसंघाचे शेजारी एका रात्री नेले गेले, नाशिकरोडच्या तुरुंगात आहेत असं नंतर कळलं. त्यांच्या बायकोकडे कोण जातं-येतं यावर कोणी लक्ष ठेवतंय का, याचा विचार करून बायका तिच्याकडे ताकाची वाटी न्यायच्या. नानांनीही अग्रलेख मोठ्याने वाचणं सोडलं. जिल्ह्याच्या शाळेत शिकवणारी मावशी आली की रडायची, नसबंदीच्या 'केसेस' आणल्या नाहीत तर पगार रोखू असं तिला सांगितलं होतं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. नानांची स्वस्त डाळ खरी होती, मी ती खाल्लेली आहे. तरीही माझं ठाम म्हणणं आहे की ज्या घरात अग्रलेख मोठ्याने वाचता येत नाही, त्या घरातल्या डाळीची किंमत नुसत्या भावावरून सांगता येत नाही.

आजोबांची मात्र घालमेल झाली. त्यांच्या कऱ्हाडात डिसेंबर १९७५ मध्ये साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. यशवंतराव म्हणजे आजोबांच्या बेचाळीसच्या दिवसांतला माणूस, भूमिगत राहून लढलेला. आणि त्यांच्याच देखत दुर्गाबाईंनी तुरुंगातून सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. संमेलनाला गेलेल्या एका आप्ताने हे आमच्याकडे येऊन सांगितलं, दार लावून, हळू आवाजात. आजोबांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. नंतर कितीतरी दिवस ते पेपर उघडायचे आणि न वाचताच घडी घालायचे. ज्यांच्याबरोबर आपण तुरुंगात होतो त्यांना आपल्याच सरकारने तुरुंगात घातलं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. पक्ष सोडवत नव्हता, आणि धरवतही नव्हता.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणूक आली आणि गॅलरीत स्टुलं परत आली. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलत होते, ते ऐकायला अख्खी चाळ गेली. निकालात मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही मृणालताईंच्या विजयाची घोषणा आमच्या जिन्यातून वर-खाली धावत होती, आणि आईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

त्या रात्री घरात कोणी कोणाला मत दिलं ते उघड झालं. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा काँग्रेसच्या चिन्हावर शिक्का मारला नव्हता. नानांनी मारला होता, शिस्तीसाठी. काकूनेही मारला होता. जिच्या घरातली चूल तीन वर्षं पापडांवर पेटली, तिने त्याच सरकारला मत दिलं. काका सुन्न झाले. ती म्हणाली, "तुमची नोकरी गेली याचं मला तुमच्याइतकंच दुःख आहे. पण ती बाई माझ्या मनातून गेली नाही." आणि आतोबांनी काँग्रेसच्या विरोधात मत दिलं होतं. इन्क्रिमेंट घेतलेल्या, मुलाला नोकरी लागलेल्या आतोबांनी. आत्याने कारण विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस गेला तो परत आला नाही. ते मशीन मी रोज बघतो."

माणूस आपला फायदा बघून मत देतो, असं हल्ली शहाणी माणसं सरसकट सांगतात तेव्हा मला आमचं घर आठवतं. ज्याचा फायदा झाला तो विरोधात गेला. जिचं नुकसान झालं ती बाजूने राहिली. ज्यांना काही झळ लागली नाही त्या नानांनी शिस्तीची बाजू घेतली, आणि ज्यांनी त्या पक्षासाठी तुरुंग भोगला त्यांनी तो सोडला. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपात बडतर्फ झालेल्यांना परत घेतलं गेलं. काकांचं पत्र नानांनी वाचून दाखवलं, खूप दिवसांनी मोठ्याने. काका पुन्हा कारखान्यात जाऊ लागले. आतोबा आणि ते आता एकाच वेळी चाळीच्या दारातून निघायचे, मात्र चार पावलं पुढे-मागे.

संपाची पहिली मागणी होती बोनस, तो रेल्वेला १९७९ मध्ये मिळाला. काकांना मिळाला आणि आतोबांनाही मिळाला. आत्या पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आली. काका खाटेवर बसले होते. काकूने पुडा हातात घेतला, पण उघडला नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "या पेढ्यांत आमचे वीस दिवस आहेत."

आत्या खाली बसली. "आहेत," ती म्हणाली. "आणि वहिनी, तुझ्या त्या तीन वर्षांच्या पोळ्यांत आमचे गहू आहेत."

काकूने पुडा उघडून पहिला पेढा काकांच्या हातावर ठेवला, आणि मला पलीकडच्या जिन्याला आतोबांना बोलवायला पाठवलं.