अंगण वाकडंच होतं

२०११च्या जुलैत जपानमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २१ जुलैला निन्टेन्डोने वी या कन्सोलसाठी ‘मिन्ना नो रिदम तेंगोकु’ हा खेळ बाजारात आणला. २४ जुलैला देशातलं ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपण बंद झालं. भूकंप आणि त्सुनामीचा मार बसलेले इवाते, मियागी आणि फुकुशिमा हे प्रांत तेवढे पुढच्या मार्चपर्यंत वगळले होते. आम्ही तेव्हा टोकियोत निशिकासाईला राहत होतो. खेळ घरी आला तेव्हा तो जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावला. प्रक्षेपण बंद झाल्यावर तो टीव्ही गेला आणि त्याच्या जागी सपाट पडद्याचा आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्याचा भुर्दंड माझ्या आठ वर्षांच्या मुलीला पडला.

खेळ मला फार आवडला होता, अजूनही आवडतो. पन्नासहून अधिक छोटे छोटे ताल-खेळ, आणि सगळे एका ए बटणावर, फार तर ए आणि बी एकत्र दाबून खेळायचे. वीचा रिमोट हवेत फिरवायची गरज नाही. पहिल्या खेळात माकड गोल्फचा चेंडू टाकतं आणि आपण तो ठोक्यावर मारायचा. एकात कुत्रा आणि मांजर आपापल्या विमानातून बॅडमिंटन खेळतात. एकात बैठकीला बसलेली डुकरं खुर्च्या गरगरा फिरवतात आणि एकदम थांबतात. संगीताची बाजू त्सुंकु यांच्याकडे होती. शारान क्यू या बँडचे ते गायक आणि मॉर्निंग मुसुमे या गायिकांच्या गटाचे निर्माते होते. लयीची जाण सरावाने वाढवता येईल असा खेळ काढावा, ही कल्पना घेऊन तेच निन्टेन्डोकडे गेले होते. त्यातून २००६मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवरचा पहिला खेळ निघाला. खेळ करणाऱ्यांनी आधी स्वतः नाच शिकावा असा त्यांचा आग्रह होता आणि ती मंडळी खरोखरच नाचाच्या वर्गाला गेली. लय आधी अंगात, मग यंत्रात. हे वाचलं तेव्हा मला माझे मिरजेचे गुरुजी आठवले. तबल्याला हात लावू देण्याआधी ते आम्हाला टाळी देत चालायला लावायचे.

लहानपणी तबला शिकलो होतो, म्हणून लयीतलं मला कळतं अशी माझी खात्री होती. मुलगी खेळायला बसली की मी शेजारी बसून मात्रा मोजायचो. पहिले दोन-तीन दिवस मोजायची वेळच आली नाही. ती सोफ्यावर उड्या मारत खेळायची आणि खेळाच्या शेवटी ‘हाय लेव्हल’ हा सगळ्यात वरचा शेरा मिळवायची. नवा टीव्ही आला आणि तिचे ठोके चुकू लागले. ‘हाय लेव्हल’चं ‘हेइबोन’ झालं, म्हणजे बेताचं. मग ‘यारिनाओशी’, पुन्हा करा.

मला वाटलं, नव्याची नवलाई संपली, आता हिचं लक्ष उडालं. मी मोठ्याने मोजायला लागलो. सम कुठे येते ते तिच्या मांडीवर थाप मारून दाखवू लागलो. खेळात अधूनमधून एखाद्या खेळासाठी तीन संधी मिळतात. त्यात एकही ठोका न चुकता तो पुरा करायचा, पहिली चूक झाली की ती संधी संपते. ती त्या वाटेला जात नव्हती, मीच बसवायचो. तिन्ही संधी जायच्या आणि ती रिमोट ठेवून द्यायची.

या खेळात एक कॅफे आहे. तोच खेळ तीनदा जमला नाही तर कॅफेचा मालक म्हणतो, राहू दे, पुढे जा. खेळ करणाऱ्यांनी अडलेल्या माणसासाठी मुद्दाम ठेवलेली ती वाट होती. मी तिला तिथे जाऊ दिलं नाही. हार मानायची सवय लागू नये, असं तेव्हा माझं म्हणणं होतं. दोघांनी मिळून खेळायचे खेळही त्याच डिस्कवर होते. त्यातला एकही आम्ही खेळलो नाही. मला तिच्याबरोबर खेळायचं नव्हतं, तिला शिकवायचं होतं. त्या सगळ्या दिवसांत मी स्वतः एकदाही रिमोट हातात घेतला नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, मी बटण दाबते आणि आवाज नंतर येतो.”

मी म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडं.” ही म्हण तिने तोवर ऐकली नव्हती. तिने अर्थ विचारला आणि मी तो नीट समजावून सांगितला.

१ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. तिथल्या मराठी मंडळींच्या उत्सवात मुलांचं लेझीम बसवायचं काम माझ्याकडे होतं. लेझमीत एकाचा ठोका चुकला की शेजारच्याचाही चुकतो, म्हणून पुढच्या ओळीत लयीला पक्की मुलं घेतात. इतर मुलांना मी लेझीम हातात देऊन, हलगीच्या ठेक्यावर चालवून निवडलं. माझ्या मुलीला थेट मागच्या ओळीत, टोकाला उभं केलं. घरचीच म्हणून पुढे घेतली असं कुणी म्हणू नये, हेही एक कारण मी स्वतःला दिलं होतं. खरं कारण ते नव्हतं. घरी येऊन बायकोला मी म्हणालो, “तिला लय नाही, गं.” मुलगी शेजारच्या खोलीत होती आणि मधला पडदा कागदी होता.

कार्यक्रम झाला. तिने सगळे हात बरोबर केले की नाही ते मला सांगता येणार नाही. माझी नजर पुढच्या ओळीवर होती.

वर्षअखेरीच्या सुटीत मुलगी आणि तिची आई सांगलीला गेल्या आणि मी एकटा होतो. एका रात्री सहज खेळ लावला. माकडाने चेंडू टाकला, मी मारला, चुकला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. सगळ्यात सोप्या, पहिल्याच खेळात मला ‘यारिनाओशी’ मिळालं. मी डोळे मिटून बटण दाबू लागलो. बोटाखाली बटणाची टिक व्हायची आणि चेंडूचा आवाज तिच्या मागून यायचा. फार नाही, पण ठेक्याला कान असलेल्या कुणालाही कळेल इतका उशीर. आठ वर्षांच्या मुलीला तो कळला होता.

कारण शोधायला त्यानंतर अर्धा तासही लागला नाही. वीचं चित्र जास्तीत जास्त ४८० रेषांचं. सोबत मिळणारी पिवळी-लाल-पांढरी केबल लावली तर ते आलटून पालटून एकाआड एक रेषांनी येतं. जुना टीव्ही ते आलं तसं काचेवर उमटवायचा. नवा टीव्ही आधी त्या रेषा जोडतो, चित्र मोठ्या पडद्याइतकं ताणतो, कडा साफ करतो आणि मग दाखवतो. सेकंदाला साठ चित्रं धरली तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. या सफाईत अशी काही चित्रं मागे पडतात. ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. कन्सोल मात्र स्वतःच्या घड्याळाने चालतो. ऐकू येणाऱ्या ठोक्यावर अचूक बटण दाबणारा माणूस त्याच्या हिशेबी उशिरा दाबतो. म्हणजे मुलगी जितकी नेमकी ऐकत होती, तितकी ती चुकीची ठरत होती. टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ होता, ही सगळी सफाई बंद करणारा. मी तो लावला आणि माकडाचे चेंडू लागू लागले.

ती परत आल्यावर मी तिला फक्त एवढंच म्हणालो, “खेळून बघ जरा.” तिने एकदा खेळून पाहिलं, ‘हाय लेव्हल’ मिळवलं आणि गृहपाठाला गेली. टीव्हीचं मी तिला सांगितलं नाही. लहान आहे, विसरली असेल, उगाच कशाला उकरा, अशी मी माझी समजूत घातली. पहिली चूक अज्ञानातून झाली होती. ही दुसरी मी समजून उमजून केली आणि कितीतरी वर्षं रोज करत राहिलो. पुढच्या गणपतीत तिने लेझीम घेतली नाही. शाळेच्या क्रीडादिनाच्या नाचातही ती झेंडा धरून कडेला उभी राहिली. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

आम्ही पुण्याला परतलो, ती कॉलेजात गेली, तेव्हा कुठे मी तिला हे सगळं सांगितलं. टीव्ही, केबल, ४८० रेषा, गेम मोड, सगळं क्रमाने. माझी तयारी झाली होती, मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं होतं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “टीव्हीचं मला केव्हाच कळलं होतं, बाबा. खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं ते. आणि मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.”

मग तिने विचारलं, “पण लेझमीला तू बाकीच्यांना लेझीम देऊन बघितलंस ना? मला का नाही दिलीस?”

यंत्राच्या उशिराची मी तिला पंधरा मिनिटं फोड करून सांगितली होती. या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा घराच्या कोपऱ्यात तिची लेझीम उभी होती आणि ती तिच्या हातात देऊन एक ठेका धरायला मला फार तर पाच मिनिटं लागली असती. मी तिला तसंच सांगितलं.