याची टोपी त्याच्या डोक्यावर

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंचा दहा वर्षांचा नातू आमच्या घरी मुक्कामास होता. एका दुपारी त्याला काही चांगले दाखवावे, या सद्हेतूने आम्ही ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’ हा १९७५ सालचा चित्रपट लावला. इन्स्पेक्टर क्लूझो पडद्यावर अवतरला. आम्ही हसण्याच्या तयारीत होतो. नातवाने मात्र क्षणभर निरखून पाहिले आणि आमच्याकडे वळून गंभीरपणे निकाल दिला, “आजोबा, हा खरा क्लूझो नाही. खरा वेगळा दिसतो.”

त्याचा ‘खरा’ क्लूझो म्हणजे २००६ सालच्या चित्रपटातील स्टीव्ह मार्टिन. आमचा खरा क्लूझो म्हणजे पीटर सेलर्स. आम्हाला राग आला, हे वाचकांपासून कशाला लपवावे? आणि तो राग केवळ एका नटासाठी नव्हता.

सत्तरच्या दशकात हा चित्रपट मुंबईस लागला, तेव्हा दादांनी आम्हाला लोकलने नेऊन तो दाखविला होता. त्यातील एक प्रसंग दादांना मुखोद्गत झाला. रस्त्यावर एक आंधळा वादक माकड घेऊन उभा आहे. क्लूझो त्याच्याकडे परवान्याची चौकशी करीत आहे, माकडाच्या मालकीवरून काथ्याकूट करीत आहे, आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या पाठीमागे बँक लुटली जात आहे. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक नाताळात, जेवणे आटोपली की दादा ओट्यावर उभे राहून हा प्रसंग वठवीत. ज्यांनी चित्रपट कधी पाहिला नव्हता, तेही डोळे पुसेपर्यंत हसत.

दादा गेले. त्यानंतरच्या पहिल्या नाताळात पुतणे म्हणाले, “काका, आता तुम्ही करा.” आम्ही उभे राहिलो. दादांचाच आवाज काढला, दादांसारखीच भुवई उंचावली, तेच शब्द, तेच थांबे. कोणी हसले नाही. वहिनी हळूच उठून आत गेल्या. आम्ही प्रसंग अर्ध्यावर सोडून खाली बसलो आणि त्यानंतर पुन्हा कधी त्या वाटेस गेलो नाही.

म्हणूनच नातवाचे ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. त्या रात्री आम्ही या चित्रमालिकेचा इतिहास मनाशी पुन्हा उजळला, आणि आमच्या ध्यानात आले की, जी चूक आम्ही ओट्यावर केली, ती थोरामोठ्यांनीही केली आहे.

वस्तुतः ‘पिंक पँथर’ हे गुप्तहेराचे नाव नव्हेच. १९६३ सालच्या पहिल्या चित्रपटात ते एका मौल्यवान हिऱ्याचे नाव होते. हिऱ्याच्या अंतरंगात झेपावणाऱ्या चित्त्यासारखा एक डाग दिसतो, म्हणून ते पडले. कथेचा नायक होता डेव्हिड निव्हनने साकारलेला रुबाबदार चोर. क्लूझो हे दुय्यम पात्र, आणि तेही मुळात सेलर्ससाठी योजलेले नव्हते. ती भूमिका पीटर उस्तिनोव्ह करणार होते. त्यांनी माघार घेतली आणि ऐनवेळी सेलर्सला पाचारण करण्यात आले. म्हणजे ज्याला आम्ही ‘खरा’ म्हणून उराशी धरले, तोही दुसऱ्याच्या जागेवर आलेला बदली माणूसच होता! परंतु उस्तिनोव्हने काय केले असते, याचा विचार करीत तो बसला नाही. पृथ्वीचा गोल फिरवून त्यावर ऐटीत हात टेकणारा आणि धाडकन कोसळणारा तो इन्स्पेक्टर त्याने असा काही उभा केला की नायक बाजूलाच राहिला. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स यांनी पुढल्याच वर्षी, १९६४ साली, ‘अ शॉट इन द डार्क’मध्ये क्लूझोलाच केंद्रस्थानी आणले.

सेलर्सचे मर्म कशात होते? त्याचा क्लूझो पडतो, आदळतो, नदीत जातो. परंतु आपण पडलो हे तो कदापि मान्य करीत नाही. अंगावरची धूळ झटकून तो अशा प्रतिष्ठेने उभा राहतो की जणू पडणे हाच तपासाचा एक भाग होता. तो आपल्याला हसवावयास आलेला नसतो. तो गुन्हेगार पकडावयास आलेला असतो. हसू आपले आपण येते.

१९६८ साली सेलर्सविना पहिला प्रयोग झाला. सेलर्स आणि एडवर्ड्स त्या सुमारास ‘द पार्टी’ या चित्रपटात गुंतले होते. त्यात सेलर्सने एका भारतीय नटाचे पात्र रंगविले होते. निर्मात्यांनी अॅलन आर्किनला घेऊन ‘इन्स्पेक्टर क्लूझो’ काढला. आर्किन हा सामान्य नट नव्हे. तरीही प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले नाही. टोपी तीच होती, डोके दुसरे होते, आणि लोक टोपीकडे पाहून जुन्याच डोक्याची आठवण काढीत राहिले.

२४ जुलै १९८० रोजी सेलर्सचे लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा तो अवघा ५४ वर्षांचा होता. एडवर्ड्स यांनी मग जे केले, ते आम्हाला सर्वांत दुःखद वाटते. जुन्या चित्रपटांतून कापून टाकलेली सेलर्सची दृश्ये जोडून १९८२ साली त्यांनी ‘ट्रेल ऑफ द पिंक पँथर’ प्रदर्शित केला. मृताच्या कपाटातील उरलेसुरले कपडे पुतळ्यावर चढवावेत आणि म्हणावे, पाहा, तो अजून आहे! सेलर्सच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. १९८३ साली ‘कर्स ऑफ द पिंक पँथर’मध्ये टेड वॉस या नटाला हरवलेल्या क्लूझोच्या शोधार्थ धाडण्यात आले, अखेरीस चेहरा बदललेला क्लूझो म्हणून प्रकटला तो चक्क रॉजर मूर! १९९३ साली रॉबर्टो बेनिनी क्लूझोचा पुत्र म्हणून आला. तोही प्रयोग फसला. मात्र याच बेनिनीला पुढे ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ या त्याच्या स्वतःच्या चित्रपटाने ऑस्करच्या व्यासपीठावर नेले. दुसऱ्याच्या कोटात जो गुदमरला, तो स्वतःच्या कपड्यांत जगास रडवून आणि हसवून गेला.

आणि मग २००६ साली स्टीव्ह मार्टिन आला. समीक्षकांनी नाके मुरडली. आम्हीही तो चित्रपट तेव्हा अढी धरूनच पाहिला होता. नातवाच्या आग्रहास्तव दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाहिला. न्यायाने सांगावयाचे तर, जेथे मार्टिन सेलर्सची पावले शोधीत चालतो तेथे तो अडखळतो. परंतु एक प्रसंग आहे. अमेरिकेस जाण्यापूर्वी क्लूझो अमेरिकी उच्चारांचे धडे घेतो, आणि ‘हॅम्बर्गर’ हा एक शब्द काही केल्या त्याच्या तोंडून सरळ निघत नाही. शिक्षिका थकते, हा थकत नाही. येथे सेलर्स कोठेही नाही. येथे मार्टिन स्वतःच्या जिभेने पडतो आहे, आणि क्लूझोच्याच प्रतिष्ठेने पुन्हा उठतो आहे. नातू गडाबडा लोळत होता. आणि वाचकहो, आम्हीही हसलो. दादांच्या आठवणीशी ही प्रतारणा तर नव्हे ना, असा विचार मनात आला खरा. परंतु तो हसून झाल्यावर.

२००९ साली मार्टिनने दुसरा चित्रपट केला. तो पहिल्याइतका चालला नाही आणि त्याचे पर्व तेथेच थांबले. उद्या आणखी कोणी ती टोपी डोक्यावर घेईल. आम्ही त्याला एवढेच सांगू की, बाबा रे, आधीच्याचा आवाज काढू नकोस. गेलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल ऐकताना लोकांना तो माणूस सापडत नाही. तो नाही, एवढेच पुन्हा एकदा कळते. वहिनी त्या दिवशी उठून का गेल्या, हे आम्हाला इतक्या वर्षांनी उमगले.

सुट्टी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी सारे कुटुंब आमच्याकडे जमले होते. नातू आपण होऊन ओट्यावर उभा राहिला. त्याने माकडाचा प्रसंग सुरू केला, पण परवान्याऐवजी माकडाला तो ‘हॅम्बर्गर’ म्हणावयास शिकवू लागला. दादांची ती भुवई नव्हती, तो थांबा नव्हता. अर्धे त्याने जागेवरच रचले होते. मध्येच पायरीवरून त्याचा पाय घसरला. तो खाली बसला, उठला, चड्डी झटकली आणि काहीच न घडल्यासारखा माकडास दरडावू लागला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून त्या हसत होत्या. आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकविली.