साहेबांचा आजार

हृदयविकार हा साहेबांचा आजार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. निर्णयांचं ओझं त्यांच्या डोक्यावर. शिपायाला कसला आलाय ताण? आणि आरोग्यातली विषमता म्हटली की मला कुपोषित मूल तेवढं आठवायचं. गरिबी हटली, दवाखाना जवळ आला, विडी सुटली की प्रश्न मिटला, असा माझा सरळ हिशेब.

तो बिघडवला लंडनच्या सरकारी बाबूंनी. १९६७ साली व्हाइटहॉलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी कचेऱ्यांमधल्या, सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. यात बेकार कुणी नाही, उपाशी कुणी नाही, सरकारी आरोग्यसेवा १९४८पासून सगळ्यांना खुली. तरी साडेसात वर्षांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण निरोप्यांमध्ये बड्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघालं! साहेब तर सगळ्यांत सुरक्षित होते.

खालचे लोक सिगारेटी जास्त ओढत असणार, हे मी लगेच म्हणून टाकलं. ओढत होतेच, रक्तदाबही जास्त होता. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं वजा करूनही निम्म्याहून जास्त तफावत शिल्लक राहते.

मला खरं हलवलं ते नोकरीतल्या वरून दुसऱ्या श्रेणीने. चांगले शिकलेले, बऱ्या पगाराचे हे अधिकारीही पहिल्या श्रेणीपेक्षा जास्त मरत होते. फरक तळाशी साचलेला नव्हता, पायरीपायरीने वाढत होता. ज्यांच्याविषयी मी कळवळून लिहायचे त्यांच्याच जिन्यावर मधे कुठेतरी मीही होते, आणि (खोटं कशाला बोलू) विषयात माझा जीव गुंतला तो हे कळल्यावर.

१९८५मध्ये संशोधक मायकल मार्मट यांनी व्हाइटहॉलमध्येच सुरू केलेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही होत्या. कामाचा वेग, क्रम यातलं फारसं काही ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांना हृदयविकार जास्त झाला. मात्र सगळं खापर कचेरीवर फोडायला मी तयार नाही. पहिल्या अभ्यासात खालच्या श्रेणीतले पुरुष सरासरी बुटके होते, आणि उंची काही नोकरीत ठरत नाही. आईचं खाणंपिणं, लहानपणचं ताट, तेव्हाची दुखणी यांचा त्यात मोठा वाटा असतो.