गेला बॉल तेल लावत!

बुधवारी सकाळी सलग तीन स्ट्राइक. तिसऱ्यानंतर तर मी तिथेच नाचून घेतलं. मॉलमधल्या त्या फन झोनमध्ये बघायला कुणी नव्हतं, एवढंच काय ते दुःख. म्हणून शुक्रवारी रात्री अख्ख्या ग्रुपला घेऊन गेले. तीच मी, तीच लेन, तोच बॉल. पण बॉल अर्ध्या वाटेतच डावीकडे वळला आणि कोपऱ्यातल्या दोन पिना पाडून दिसेनासा झाला. पुढचा त्याहून भयंकर. ‘काय गं, बुधवारचं स्वप्नात पाहिलंस का?’ मागून आवाज आला. मी हसले, पण मनात म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

शेजारच्या लेनवर लीग खेळणारे एक सीनियर होते. ते म्हणाले, ‘तुझा हात ठीक आहे. लेनवरचं तेल गेलंय.’

तेल? मला वाटलं, खेचताहेत. पण नाही! बॉलिंगची लेन कोरडी नसतेच मुळी. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट अंतर. त्यातल्या साधारण पहिल्या 40 फुटांवर मशीननं तेलाचा पातळ थर देतात. लेन लाकडाच्या होत्या तेव्हा त्या झिजू नयेत म्हणून हे सुरू झालं. आता सिंथेटिक लेनवरही तेल असतंच, आणि अर्धा खेळ त्या तेलाचाच असतो. हातातून फिरकी घेऊन सुटलेला बॉल तेलावर नुसता घसरत जातो. तेल संपलं, कोरडी जागा आली, की पकड मिळते आणि मग तो वळतो. बुधवारी तेल ताजं होतं, म्हणून माझा बॉल योग्य जागी वळला. शुक्रवारी रात्रीपर्यंत शेकडो बॉल त्याच वाटेनं गेले होते. थोडं तेल त्यांनी अंगाला लावून नेलं, थोडं पुढे ओढत नेलं. माझ्या बॉलला पकड लवकर मिळाली, तो लवकर वळला. बस, इतकंच!

गंमत म्हणजे हे सगळं कळायला बॉलही तसा लागतो. रॅकवरचे हाऊस बॉल प्लास्टिकचे. ते तेलावर काय आणि कोरड्यावर काय, जवळपास सरळच जातात. माझा बॉल सेकंडहँड, रिअॅक्टिव्ह रेझिनचा. जुनी भोकं बुजवून माझ्या बोटांच्या मापानं नवीन पाडून घेतलेली. हे बॉल 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आले. यांचं कव्हर तेल चक्क पिऊन टाकतं आणि कोरड्या जागेवर जोरात वळतं. लेनचे सगळे मूड तो तुमच्या तोंडावर सांगतो.

आणखी एक. फन झोनमध्ये तेल मध्यभागी भरपूर आणि कडेला कमी असतं. असा बॉल जरा बाहेर गेला तर कडेची कोरडी जागा त्याला वळवून आत आणते. जरा आत पडला तर मधलं तेल त्याला फार वळू देत नाही. म्हणजे माझ्या बुधवारच्या तीन स्ट्राइकमध्ये तेलाचाही वाटा होता. स्पर्धांमध्ये तेल जास्त सारखं पसरलेलं असतं, तिथं असे लाड नाहीत. ‘जिकडे चुकतंय तिकडेच पाय सरकव,’ सीनियर म्हणाले. बॉल डावीकडे जातोय, तर उभं राहायची जागाही डावीकडे घ्यायची. आधी उलटं वाटलं, पण चार फ्रेममध्ये जमलं.

त्या रात्री घरी येताना मला बॉलिंग नाही, गोंदिया आठवत होतं.

गोंदिया म्हणजे राईस मिल. माझे बाबा एका मिलमध्ये मिस्त्री होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे आणि रबरी बॉल फरशीवर सोडायचे. पॉलिशरजवळ तांदळाचा कोंडा सांडलेला असे. त्या कोंड्यातून खायचं तेल काढतात, इतका तो तेलकट. तिथली फरशी आरशासारखी झालेली. बॉल त्यावरून सुळकन जायचा आणि पुढे खरबरीत सिमेंट लागलं की गर्रकन वळायचा. मला ती जादू वाटायची.

मी सातवीत असताना हमाल कमी आले म्हणून बाबांनी स्वतः पोतं उचललं आणि त्याच जागी घसरले. उजवं मनगट मोडलं ते कायमचं. पाना धरता येईना, काम सुटलं. भरपाई मिळाली नाही, कारण ‘लक्ष कुठं होतं?’ या प्रश्नाला बाबांकडे उत्तर नव्हतं. पुढे तेही सगळ्यांना तेच सांगायचे. माझंच लक्ष नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर बाबा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला आले. त्यांना मी बॉलिंगला नेलं. माझा बॉल परत आला तसा त्यांनी डाव्या हातानं चाचपला आणि बोटं एकमेकांवर घासली.

‘बाई, याले तेल लागून आहे.’

मी सगळं सांगितलं. थर, 40 फूट, मशीन. ते लेनकडे बघत होते.

‘मंग कुठं किती तेल आहे, हे यायले मालूम असते?’

‘हो बाबा. मोजूनच टाकतात.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या पॉलिशरखाली कोंडा सांडते, हेही सर्वायले मालूम होतं. एक बारदाना टाकला असता तरी चाललं असतं.’

इतक्या वर्षांत ‘माझंच लक्ष नव्हतं’ याच्यापुढचं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला काय बोलावं सुचेना. त्यांनी रुमालानं बोटं पुसली आणि रॅकवरच्या सगळ्यात हलक्या बॉलकडे हात केला.

‘दे तो. डाव्या हातानं चालते का?’

चालतं म्हटलं. सात पिना पडल्या.