फीकलची फिडल

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात फीकल नावाचे लहानसे गाव आहे. भोवती हिरवी कुरणे, दुभती जनावरे. इथल्याच एका शेतकऱ्याच्या घरी मार्टिन हेझ वाढले. वडील पी. जे. हेझ शेती सांभाळून टुला केली बँडमध्ये फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, वाजवीत. मार्टिन त्यांच्याकडूनच शिकले. पुढे शिकागोत त्यांना गिटारवादक डेनिस केहिल भेटले. केहिल मोजकेच सूर छेडीत. बांधाने पाणी धरावे तशी त्यांची गिटार फिडलला धरून ठेवी. १९९९ साली निघालेल्या सिअ‍ॅटलच्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात ते ऐकू येते. २०२२ मध्ये केहिल वारले. आता ती जोडी समोर बसून ऐकणे नाही. म्हणून सांगतो, आपल्या गावचा सनईवाला आहे तोवर त्याच्यापुढे घटकाभर बसा.