पाहिलंय, म्हणून ठाऊक आहे

शेजारच्या काकांच्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून सही केली, तेव्हा काका आतल्या खोलीत झोपले होते. त्यांची सही आधीच झालेली होती. “फॉर्मॅलिटी आहे रे नुसती,” काकू म्हणाल्या. चहा निवायच्या आत मी मोकळा झालो.

सही करताना इंग्रजी मजकुरातल्या एका शब्दावर नजर अडखळली होती. ‘टु विट’, आणि पुढे फ्लॅट, लॉकर, ठेवी अशी यादी. मला ‘विट’ म्हणजे विनोदबुद्धी एवढंच माहीत. मृत्युपत्रात कसला आलाय विनोद? रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर शोधत बसलो.

‘विट’ हे एकेकाळी क्रियापद होतं. अर्थ जाणणे. मला ठाऊक आहे, म्हणजे ‘आय वॉट’. ठाऊक होतं, म्हणजे ‘आय विस्ट’. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ही रूपं सापडतात. पुढे ‘नो’ या क्रियापदाने त्याची जागा बळकावली आणि बिचारं ‘विट’ कायद्याच्या कागदांत ‘म्हणजेच’ या अर्थाने उरलं. जर्मन लोक मात्र त्याचं भावंड ‘विसेन’ आजही रोज वापरतात.

आणखी गंमत म्हणजे हे ‘विट’ आपल्या संस्कृत ‘विद्’ धातूच्या नात्यातलं. विद्या, विद्वान, वेद हे सगळे त्याच घरातले. तिकडे ‘नो’ आणि इकडे आपलं ‘जाणणे’ हीसुद्धा एकमेकांची भावंडंच. म्हणजे रोजच्या वापराला ‘जाणणे’ ठेवायचं आणि ‘विद्’ला नामांत बसवायचं, हे इंग्रजीनेही केलं आणि मराठीनेही.

या ‘विद्’च्या मुळाचा जुना अर्थ मात्र ‘पाहणे’. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला, त्यातूनच आपला ‘व्हिडिओ’ आला. संस्कृतात ‘अहं वेद’ म्हणजे मला ठाऊक आहे. पण ‘वेद’ हे रूप घडलंय भूतकाळी क्रियापदासारखं. पाहिलंय, म्हणून ठाऊक आहे. इंग्रजी ‘वॉट’ही अगदी तसंच घडलेलं.

स्क्रोल करत खाली आलो. ‘विटनेस’. त्याच ‘विट’पासून. आधी अर्थ ज्ञान, मग साक्ष, मग साक्ष देणारा माणूस. आपल्या ‘साक्षी’त तर ‘अक्षि’, म्हणजे डोळाच आहे.

माझी झोप उडाली. १९२५ चा भारतीय वारसा कायदाही उघडून पाहिला. साक्षीदाराने सही होताना पाहिलेली हवी, किंवा ही सही माझीच असं त्या माणसाने स्वतः त्याला सांगितलेलं हवं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

उद्या जाऊन काकांना विचारू, असं ठरवलं. मग परवा. मग काका हॉस्पिटलमध्ये गेले, ते परत आलेच नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. “बाबांनी सही केली तेव्हा तू समोर होतास ना रे?”

“नाही ताई,” मी म्हणालो. “मी पाहिलं नाही.”

काकू आता माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात दिसल्या की मान खाली घालतो तो मीच.