गोणपाट काढलं

ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनच्या चित्राला मागे गोणपाट लावलं होतं. मिसिसिपीचा डेल्टा, कापसाची शेतं, हलाखी, म्हणून गोणपाट. चार दिवस बरं दिसलं. आज मेंफिसच्या हुक्स ब्रदर्स स्टुडिओतला त्याचा फोटो पुन्हा समोर घेऊन बसलो. बारीक रेघांचा सूट, टाय, तिरकी हॅट, चकचकीत बूट. गडी नटूनथटून फोटोला बसलाय आणि मी त्याला पोतं पांघरतोय! ओरबाडून काढलं. फेविकॉल पक्का वाळलेला. खालच्या रंगाचे पोपडेही सोबत आले.

*

जॉन्सनचे खात्रीचे फोटो तीनच. रेकॉर्ड केलेली गाणी २९, तीही १९३६-३७ मधली. १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने फोटो बूथमधल्या फोटोवरून तिकीट काढलं आणि ओठांतली सिगारेट तेवढी गाळली. तीन फोटोंचा माणूस, त्यातही काटछाट. माझ्या चित्रात सिगारेट राहील. खऱ्या कागदाची, आत तंबाखू भरून.

*

बूथमधल्या त्याच फोटोत गिटारीच्या दांडीवरची बोटं इतकी लांब आहेत की तशीच काढली तर लोक म्हणतील, याला हात जमत नाहीत. तशीच काढली.

*

बेनी अँड्रूज. जॉर्जियात दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या घरातला. शिकागोत चित्रकला शिकताना, १९५७ मध्ये, तिथल्या सफाई कामगारांचं चित्र करायला घेतलं आणि कॅनव्हासवर कागदी टॉवेल, टॉयलेट पेपर चिकटवले. ते कागद त्या माणसांच्या रोजच्या हाताखालचे. माझं गोणपाट कुठून आलं? माझ्या डोक्यातून. ब्लूज म्हटलं की गंजका पत्रा, फाटकं पोतं, किडकं लाकूड, हे आम्हा लांबून बघणाऱ्यांचं सामान. आम्ही त्याला ‘पोत’ म्हणतो.

यापुढे नियम एकच : वस्तू त्या माणसाच्या हातातली असेल तरच चिकटवायची.

*

या नियमाने पुढचं चित्र, कॅनरे फॉन्टनोचं, सोपं जातं. लुइझियानाचा क्रिओल फिडलवादक, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांतला. पोरवयात पहिलं फिडल त्याने सिगारच्या खोक्याचं केलं, तारा जाळीच्या दरवाज्यातून उपसल्या. तेव्हा खोकं आणि जाळी, दोन्ही चालेल. (घरातल्या मच्छरदाणीच्या जाळीवर डोळा होता. ती नायलॉनची निघाली.)

*

क्लिफ्टन शेनिये, झायडेकोचा, म्हणजे तिथल्याच क्रिओल नाचगाण्याचा राजा. खरोखरच मुकुट घालून स्टेजवर यायचा. त्याच्या संगीतात कपडे घासायचा पन्हळी पत्रा हे तालवाद्य. आधी तो गळ्यात दोरीने लटकवत. शेनियेने १९४६ मध्ये खांद्यांवर अडकवता येईल असा, बंडीसारखा, बेतून घेतला. भाऊ क्लीव्हलंड त्यावर बाटल्या उघडायच्या ओपनरांनी वाजवायचा. म्हणजे इथे पत्रा हक्काचा! पण गंजका नाही, लखलखीत. आणि मुकुटाला सोनेरी वर्ख.

*

सगळ्यात अडलंय ते अमेदे आर्द्वाँपाशी. ठाऊक असलेला फोटो एकच. चणीने लहानखुरा, क्रिओल, अकॉर्डियनवाला. १९२९ मध्ये डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवाल्याबरोबर रेकॉर्डिंग केलं. त्या काळी, त्या मुलखात.

अकॉर्डियनचा भाता कागदाला घड्या घालून केला. पेटीचा भाता लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे घड्या पटकन जमल्या; पण बटणांशी अडखळलो. पेटीत पट्टी एक तर सूर एक. त्याच्या दहा बटणी वाद्यात भाता ओढला की एक सूर, दाबला की त्याच बटणातून दुसरा. म्हणून भाता अर्धा उघडा ठेवलाय. ओढतोय की दाबतोय, कळू नये.

*

आर्द्वाँचं नाव निघालं की रुमालाची गोष्ट निघतेच. नाचाच्या कार्यक्रमात गोऱ्या घरातल्या मुलीने घाम पुसायला रुमाल दिला, त्यावरून गोऱ्यांनी त्याला बेदम मारलं, मग तो सावरलाच नाही, असं सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारला. थडग्यावर खूण नाही.

पांढरा रुमाल इस्त्री करून तयार ठेवला होता. चित्रात शोभला असता, आणि तोच पहिला दिसला असता. एकच फोटो असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तो पसरणार नाही. रुमाल कपाटात परत.

गाताना घशासाठी तो खिशात लिंबू बाळगायचा, हेही सांगतात. लिंबाची साल काल खिडकीत वाळत घातली आहे. चिकटवण्याइतकी कोरडी व्हायला अजून दोन दिवस लागतील.